प्रति: ड्रेनमध्ये पित्त दिसलं म्हणजे ऑपरेशन फसलं का?

वर तुम्ही विचारलंय की यकृताचा भाग काढल्यावर ड्रेनमध्ये (पोटातलं पाणी बाहेर काढायला ठेवलेल्या नळीत) पित्त येतंय, म्हणजे सगळं फसलं का? नाही हो, इतक्यात धीर सोडू नका. कापलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक नलिकांतून पित्त झिरपणं हा या शस्त्रक्रियेनंतरचा नेहमी दिसणारा त्रास आहे. बऱ्याच वेळा ड्रेन काही दिवस जास्त ठेवला की गळती आपोआप थांबते. नाहीच थांबली तर एन्डोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालतात. मात्र ताप, थंडी, पोटात वाढतं दुखणं असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. साठलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

खरी काळजी असते ती उरलेलं यकृत पुरं पडतंय का याची. निरोगी यकृताचा २५-३० टक्के भाग राहिला तरी सहसा चालतं, सिरॉसिस (यकृत घट्ट, निबर होण्याचा आजार) असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास लागतो. म्हणून ऑपरेशननंतरच्या पाचव्या दिवसाचे रक्ताचे रिपोर्ट महत्त्वाचे. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा घटक) ३ mg/dL च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.७ च्या वर, दोन्ही एकाच वेळी असतील तर धोका खूप वाढतो. एकटं बिलिरुबिन थोडं वाढलं तर तेवढ्यावरून लगेच काही ठरत नाही, पण ते खूप वाढलं तर तेही धोक्याचंच. (आणि पेशंट गुंगीत, गोंधळलेला वाटला तर रिपोर्टची वाटही बघू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.)

जगण्याच्या टक्केवारीबद्दल: ती मूळ आजारावर अवलंबून असते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून यकृतात पसरलेल्या गाठी पूर्ण काढता आल्या तर साधारण ४० टक्के किंवा जास्त रुग्ण पाच वर्षं पार करतात. बऱ्याच जणांत आजार परत येतो, हेही खरं. पण काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करता येते, कारण यकृत पुन्हा वाढतं.

काढलेल्या भागाच्या बायोप्सीत कडा मोकळ्या (म्हणजे कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत अशा) आल्या का, ते कळवा.