ट्रेलसाठी मिडसाइझ फोर-व्हील-ड्राइव्ह एटीव्ही कुठली घेऊ? (मिशिगन)

चिंचवडकर_ट्रॉय

नमस्कार मंडळी. मी डेट्रॉइटजवळ ट्रॉयला असतो, नोकरी गाड्यांच्याच धंद्यातली पण सीटच्या फोमची, त्यामुळे या बाबतीत ज्ञान शून्य. गेल्या ऑगस्टात दोन फॅमिली मिळून ग्रेलिंगच्या बाजूला केबिन घेतली होती, तिथल्या शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी होंडाची एटीव्ही (जाड टायरची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी) अर्धा तास चालवायला दिली आणि तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये. रात्री बायको झोपली की मी युट्यूबवर चिखलात रुतलेल्या गाड्या बघत बसतो.

तर आता घ्यायचीच आहे. बजेट ९ हजार डॉलर, ताणून १०. उंची ५ फूट ६, वजन ८५ किलो (खरं सांगायचं तर ८८). फक्त ट्रेल, म्हणजे जंगलातले रस्ते, वाळू, थोडा चढउतार, वर्षातून एकदा अप्पर पेनिन्सुला (मिशिगनचा उत्तरेकडचा भाग). रेसिंग नाही, चिखलात मुद्दाम लोळणं नाही. लिस्टमध्ये चार आहेत: होंडा रँचर ४२०, यामाहा कोडियाक ४५०, पोलारिस स्पोर्ट्समन ५७० आणि सीएफमोटोची सीफोर्स ५००. शेवटची स्वस्त पडते आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायची दोरीची चरखी) वगैरे सगळं आधीच लावून येतं म्हणून मन तिकडे ओढतंय.

प्रश्न असे की ४२० पुरेल का, कारण मागे बायको बसणार, ती म्हणते मी पण येणार. बेल्टवाली (स्कूटरसारखी, गिअर न टाकता चालणारी) बरी की गिअरवाली? पॉवर स्टिअरिंगला वरचे पैसे घालावेत का? आणि थंडीत पुढे फळा लावून ड्राइव्हवेचा बर्फ ढकलता येईल ना, कारण घरात मी हेच कारण सांगितलंय.

डीलरकडे जाऊन आलो, स्टिकरवर एक आकडा आणि हातात कागद दिला त्यावर जवळजवळ पंधराशे जास्त, फ्रेट, सेटअप, कागदपत्रांची फी. हे असंच असतं का सगळीकडे?

वाळूतली_ताई

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. हो, असंच असतं. स्टिकर बघूच नका, फोनवरच विचारायचं की सगळं धरून गाडी दारातनं बाहेर किती, आणि तो आकडा ईमेलवर मागायचा. जो देत नाही त्याच्याकडे जायचंच नाही.

आता मुद्द्याचं. दादा, मागे बायको बसणार नाही. रागावू नका, पण हे आपल्या लोकांचं हमखास होतं, लांब सीट दिसली की आपल्याला स्प्लेंडर आठवते. ती सीट दोघांसाठी लांब नाहीये. चढावर चालवणाऱ्याला पुढे सरकावं लागतं, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला अंग टाकावं लागतं, त्यासाठी ती जागा मोकळी ठेवलेली असते. तिथे माणूस बसला की तुम्हाला हलता येत नाही आणि चढावर सगळं वजन मागच्या चाकांच्याही मागे जातं, पुढची चाकं उचलतात आणि सहाशे-सातशे पौंडांचं धूड तुमच्या दोघांच्या अंगावर उलटं येतं. म्हणून सिंगल गाडीवर पॅसेंजर नको असा स्टिकर कंपनीच लावते.

दोघांसाठी बनवलेल्या वेगळ्या येतात, स्पोर्ट्समन टूरिंग ५७० किंवा कॅन-ॲमची आउटलँडर मॅक्स. त्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असतो, मागे पाठ टेकायला आणि धरायला जागा असते. पण वजन जास्त, अरुंद वळणावर बोजड, आणि १० हजारांत नवीन बसवायला कसरत होईल.

माझं मत विचाराल तर त्याच पैशात दोन जुन्या बघा. मी पहिली दोन वर्षं नवऱ्याच्या मागे बसून काढली (टूरिंगच होती, नियमात होतं), पाठीचा भुगा आणि दिवसभर समोर त्याचं हेल्मेट. मग स्वतःची घेतली. वहिनी येते म्हणतात ना, मग त्यांना विचारा तरी की मागे बसायचंय की चालवायचंय.

सांगलीचा_पाना

ताईंशी १०० टक्के सहमत. मी बेल्ट विरुद्ध गिअरचं सांगतो कारण त्यात माझे हात काळे झालेत.

रँचरला बेल्ट नाही. गिअरच आहेत, हाताने क्लच दाबायचा नाही, पायाने गिअर टाका किंवा बटणवाली घ्या, पूर्ण ऑटोमॅटिक पण मिळते आणि तीसुद्धा गिअरचीच. पाण्यात गेली, वजन ओढलं, तिला काय फरक पडत नाही. उतारावर थ्रॉटल सोडला की इंजिन गाडीला धरून ठेवतं. हे लोक विसरतात राव, ट्रेलवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त फाटते. ४२० सीसी तुम्हाला एकट्याला भरपूर आहे, त्या गाडीचा जीव टॉर्कमध्ये, म्हणजे ओढायच्या ताकदीत आहे, स्पीडमध्ये नाही.

बाकी तिन्ही बेल्टवाल्या. बेल्ट वाईट नाही, पण लोक वाईट वापरतात. दगडातून मुंगीच्या वेगाने चाललेत, वर बर्फाचा फळा ढकलतायत आणि गाडी हायमध्ये! बेल्ट घसरतो, तापतो, जळल्याचा वास येतो आणि मग कंपनीला शिव्या. हळू चालायचं असलं की लो (कमी वेगाची, जास्त जोराची रेंज) टाका, एवढंच. यामाहाने यात डोकं लावलंय, त्यांचा बेल्ट कायम ताणलेला राहतो, गाडी सुटायचं काम वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच (वेगाने फिरला की आपोआप पकडणारा) करतो, त्यामुळे झीज कमी आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग चांगलं. कोडियाक ४५० चं इंजिन पण ४२१ सीसीच आहे बरं का, नावावर जाऊ नका.

आता रँचरची दुखरी बाजू. साध्या मॉडेलला मागे सॉलिड ॲक्सल येतो. म्हणजे एक चाक दगडावर चढलं की आख्खा मागचा भाग कलतो, आणि मिशिगनच्या वाळूच्या ट्रेलवर त्या लागोपाठ टेकड्या असतात, व्हूप्स म्हणतात इथले लोक, त्यात ती गाडी बैलगाडीसारखी पाठीत हाणते. फायदा असा की आडव्या उतारावर कमी डुलते आणि दुरुस्तीला काही नाही. पण तुमचं वय आणि कंबर बघता इंडिपेंडंट मागचं सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वरखाली होतं असं) असलेलं मॉडेल घ्या. कोडियाक आणि स्पोर्ट्समनला ते असतंच.

पॉवर स्टिअरिंग घ्याच. चार चाकं ओढायला लागली की हँडल जड होतं, त्यात दगडाला चाक अडलं की हँडल हिसका देतं, मनगटं जातात. कोडियाकमध्ये तर पॉवर स्टिअरिंगवालीलाच पुढचा डिफ लॉक येतो, साधीला नाही. लॉक टाकला की पुढची दोन्ही चाकं सारखी फिरतात, रुतल्यावर देवासारखा, पण तेव्हा वळायला जाम जड. म्हणून रुतलात तरच टाका, निघालात की काढा.

ओहायोचा_वऱ्हाडी

अरे भाऊ, सारे होंडा होंडा करून रायले, मी पोलारिसवाला, मले बी बोलू द्या. माझ्याकडे स्पोर्ट्समन ५७० आहे, पाचवं वर्ष. आम्ही दरवर्षी हॅटफिल्ड-मॅकॉयला जातो, वेस्ट व्हर्जिनियात. २००० साली चालू झालेल्या ट्रेल आहेत त्या, कोळशाच्या खाणींचा मुलूख, नुसता चढ न् उतार, आणि तिथल्या काही गावांत एटीव्ही सरळ रस्त्यावरून पेट्रोल पंपापर्यंत, हॉटेलपर्यंत नेता येते. परमिट घ्यावं लागते, हेल्मेट कंपल्सरी.

तिथे मले ५७० च पाहिजे. सस्पेन्शन लांब आहे, खालून जागा ११ इंचाच्या आसपास, कोडियाकले साडेनऊच. सीटवर सोफ्यासारखं वाटते. आणि पोलारिसच्या एडब्ल्यूडीमध्ये (ऑल-व्हील ड्राइव्ह) बटण चालू करून ठेवलं की मागची चाकं घसरली तरच पुढची आपोआप लागतात, तुमाले काही करायचं नाही. नवशिक्याले हे लय सोपं जाते.

पण खोटं कायले बोलू, पाच वर्षांत एक बेल्ट गेला (माझीच चूक, वर सांगलीवाल्यानं सांगितलं तीच), दोन बॉल जॉइंट आणि एक व्हील बेअरिंग. होंडावाल्या मित्राचा खर्च तेल आणि फिल्टर. तो दर ट्रिपले मले हे ऐकवते. मग संध्याकाळी तो कंबरेले आयोडेक्स लावते तेव्हा मी ऐकवतो.

सीएफमोटोचं म्हणाल तर मशीन वाईट नाही, पैशाच्या मानानं लय सामान देतात. फक्त घरापासून तासाभरात डीलर आहे का आणि त्याच्याकडे पार्ट पडून असतात का ते बघा. सीझनच्या मधात तीन आठवडे पार्टची वाट पाहणं म्हणजे स्वस्तात महाग.

पौडफाट्याचा_पक्या

विषयाशी संबंध नाही पण इथे लोणावळ्याला टायर मांडलेल्या गोलात दोन चकरा मारून देतात आणि तेवढ्यात पैसे संपतात. तुमची चैन आहे लेको. चालू द्या, वाचतोय.

चिंचवडकर_ट्रॉय

बापरे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. ताई, तुमचा मेसेज बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली "मला चालवायचीय हे मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, तू ऐकलंस मागे बसायचंय." तर आता प्रश्नच बदलला. दोन जुन्या बघतोय. एका गृहस्थांकडे दोन रँचर आहेत, दोन्ही इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या, मिळून साडेनऊ मागतायत. शनिवारी बघायला जाणार. काय काय तपासू? आणि मुलगा ११ वर्षांचा आहे, तो आत्तापासून माझी कुठली म्हणून मागे लागलाय.

सांगलीचा_पाना

जायच्या आधी त्यांना सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड असताना स्वतः चालू करून बघा. एअर फिल्टरचा डबा उघडा, आत सुकलेला चिखल दिसला तर गाडी पोहून आलीय. तेलाची काडी काढून बघा, दुधाळ चहासारखं तेल असलं तर पाणी शिरलंय, तिथनंच घरी या. चाकांच्या आतल्या बाजूला ॲक्सलवरची रबरी बूट असतात ती फाटलीत का बघा. पुढची बाजू जॅकवर उचलून चाक वरखाली हलवा, खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग खडीवर फोर-व्हील टाकून हळू चालवा, पुढची चाकं ओढतायत हे हँडलमध्ये कळतं.

मीटरवर तास आणि मैल दोन्ही दिसतात. तास भरपूर आणि मैल कमी असले तर ती बर्फ ढकलण्यात नाहीतर शेतात राबलेली आहे. वाईटच असं नाही, पण भाव पाडायला उपयोगी. आणि टायटल (मालकीचा कागद) त्यांच्याच नावावर आहे का ते आधी, बाकी सगळं नंतर.

वाळूतली_ताई

वहिनींना माझा नमस्कार सांगा, आवडल्या मला.

मुलाचं मात्र स्पष्ट सांगते. या मोठ्या मशीनवर १६ वर्षांखालच्या मुलांनी बसायचंच नाही, हा पण कंपनीचाच स्टिकर आहे, आणि "मी शेजारी चालतो ना" याने काही होत नाही, त्याच्या वजनाने गाडी कलत नाही आणि अंगावर आली तर उचलत नाही. मुलांच्या साइझच्या वेगळ्या येतात, पण पब्लिक ट्रेलवर किती वयापासून आणि कुठल्या सर्टिफिकेटवर चालतं ते डीएनआरच्या (मिशिगनचं नैसर्गिक संसाधन खातं) साइटवर वाचूनच पुढचं ठरवा. तुम्ही दोघं पण एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा अर्ध्या दिवसाचा कोर्स करा.

ट्रेलवर जायला गाडीचं ओआरव्ही (ऑफ-रोड व्हेइकल) लायसन्स लागतं, मी घेतलं तेव्हा २६.२५ डॉलर होतं आणि ट्रेल परमिटचे वर १०, दोन्ही प्रत्येक गाडीला वेगळे. एटीव्ही ट्रेल ५० इंचांच्या असतात, रँचर त्यात आरामात बसते, त्या रुंद दोन सीटवाल्या साइड-बाय-साइड बसत नाहीत, त्यामुळे अरुंद ट्रेलवर शांतता असते. पहिल्यांदा लांब जाऊ नका, तुमच्या जवळच हॉली ओक्स आहे, जुन्या खडीच्या खाणीत केलेलं पार्क, तिथे दोन-तीन रविवार चढउतार शिकून घ्या.

टायरची हवा कारसारखी भरू नका हं, चार-सहा पीएसआयचा खेळ असतो, साधा गेज चालत नाही, कमी प्रेशरचा वेगळा घ्या. आणि दोन गाड्या आणणार कशावरून? ५ बाय ८ च्या ट्रेलरवर एकच बसते.

चिंचवडकर_ट्रॉय

ट्रेलरचा विचारच केला नव्हता. म्हणजे बजेटमध्ये तो पण आला का?

ओहायोचा_वऱ्हाडी

आला ना भाऊ. ट्रेलर, हिच (कारला ट्रेलर जोडायचा आकडा), गाड्या बांधायचे चार-चार रॅचेट पट्टे, दोन हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. शनिवारी त्या गृहस्थाले विचारा, दोन गाड्या आहेत म्हणजे दोन बसतील असा ट्रेलर पण असंलच त्याच्याकडे. साडेनऊमध्ये तो बी टाका म्हणावं. आणि बर्फाचा फळा असला तर तो पण, घरी कारण सांगून बसले ना तुम्ही.