‘निरंकुश’, ‘अनियंत्रित’ की ‘केंद्रीभूत’?

सतराव्या शतकातल्या फ्रान्सवर लिहिते आहे. चौदाव्या लुईच्या कारभाराला शाळेपासून ‘अनियंत्रित राजेशाही’ म्हणत आलो, काही जण ‘निरंकुश’ लिहितात. मी ‘केंद्रीभूत राजसत्ता’ लिहिलं तर चालेल का? अर्थ एकच ना?

— एकच नाही. ‘अनियंत्रित’ ज्याचं भाषांतर आहे, तो मूळ शब्द ‘ॲब्सोल्यूट’ लॅटिन ‘अब्सोलुतुस’वरून आला; अर्थ सोडवलेला, मोकळा. सम्राट कायद्यांपासून मोकळा असतो, हे रोमन कायद्यातलं वचन. फ्रेंच विचारवंत बोदँने १५७६ मध्ये सार्वभौमत्वाची मांडणी केली तेव्हाही राजा ईश्वरी आणि नैसर्गिक नियमांना बांधलेलाच राहिला. वारसाहक्काचा नियमही राजाच्या मर्जीवर नव्हता. फ्रान्सची गादी मुलीला मिळत नसे. ‘निरंकुश’ म्हटलं की अंकुश न मानणारा हत्ती डोळ्यांपुढे येतो. ‘निरंकुशाः कवयः’ ठीक आहे, पण लुईला हा शब्द मला जड वाटतो. ‘अनियंत्रित’ रुळलेला आहे, तो राहू द्या.

‘केंद्रीभूत’ मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. ‘अनियंत्रित’ राजाच्या हक्काबद्दल आहे, ‘केंद्रीभूत’ कारभाराच्या यंत्रणेबद्दल.

— मग त्या यंत्रणेतल्या राजाच्या अधिकाऱ्यांना, ‘अँतांदां’ना, काय म्हणू? ‘सुभेदार’ लिहिलं होतं.

— सुभेदार नको, सैन्याचा वास येतो. इथे आपल्याकडचा ‘वतन’ हा शब्द फार कामाला येतो. फ्रान्समध्ये न्यायाधीशाचं किंवा वसुलीचं पद विकत मिळे. १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की ते वारसाला देता येई. वतनच जवळजवळ! असा माणूस राजाला सहज काढता येत नसे. अँतांदां राजाने नेमलेला, राजाने परत बोलावला की संपला. न्याय, बंदोबस्त, करवसुली सगळ्यांवर त्याची नजर. म्हणून ‘राजनियुक्त कारभारी’ म्हणा. वतनदार आणि नेमलेला माणूस हा भेद वाचकाला लगेच कळेल. १६४८ च्या बंडाळीत पॅरिसच्या न्यायाधीशांनी पहिल्यांदा हेच कारभारी हटवायला लावले. पुढे ते परत आलेच.

आणि हो, त्या न्यायाधीशांच्या ‘पार्लमां’ला ‘संसद’ लिहू नका. ते न्यायालय होतं. राजाचे हुकूम तिथे नोंदवले जात. प्रतिनिधींची सभा, ‘एस्टेट्स जनरल’, वेगळी. ती १६१४ नंतर भरली थेट १७८९ मध्ये.

— बापरे, ‘संसद’ दोन ठिकाणी लिहिलं आहे. आजच बदलते.