नाव बदलले म्हणजे ओळख लपते का?

प्रश्न : घरगुती हिंसाचार सोसलेल्या एका बाईंवर लेख लिहिते आहे. नाव बदलले आहे. पण तपशील गाळले की लेख कोरडा होतो आणि ठेवले की त्या ओळखू येतात. काय करावे?

उत्तर १ : नुसते नाव बदलून भागत नाही. वय, व्यवसाय, गाव आणि मुलांची संख्या एकत्र आली की शेजारी क्षणात ओळखतात, म्हणून यांतले निदान दोन तपशील गाळा. मात्र दाराची कडी वाजताच हातातले काम थांबणे, असे काही त्यांनी सांगितले असेल तर ते ठेवा, कारण त्यातून ओळख न उघडता भीती दिसते.

उत्तर २ : सहमत. शिवाय ‘तिला मारहाण झाली’ असे न लिहिता ‘नवऱ्याने मारले’ असे लिहा. एरवी मारणारा वाक्यातूनच निसटतो.

प्रश्नकर्ती : मसुदा त्यांना दाखवावा का?

उत्तर १ : अवश्य. मुलाखतीला होकार होता, म्हणजे प्रत्येक ओळीला आहेच असे नाही.