२४ नोव्हेंबर : 'बाकी विशेष काही नाही' म्हणे!

टॉमटॉम (धागाकर्ता)
सकाळपासून एकच फॉरवर्ड सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. 'आजचा दिवस रॉकच्या इतिहासात : २४ नोव्हेंबर १९९१. पाचगणीचा सुपुत्र, आपल्या मातीतला फ्रेडी मर्क्युरी काळाच्या पडद्याआड. बाकी विशेष काही नाही.' खाली जोडलेले दोन हात आणि एक गिटार. क्वीन बँडचा गायक फ्रेडी पियानोवाला, पण ते जाऊ द्या.

माझं डोकं फिरलं ते शेवटच्या चार शब्दांनी. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये एरिक कार गेला. किस या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर, वय अवघं ४१. ब्रुकलिनचा पॉल कॅराव्हेलो, बँडमध्ये यायच्या आधी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचा. १९८० साली पीटर क्रिसच्या जागी आला, कोल्ह्याचा मेकअप लावला आणि पुढची अकरा वर्षं तो बँड पाठीवर वाहिला. 'क्रीचर्स ऑफ द नाइट' हा अल्बम हेडफोन लावून ऐका आणि मग सांगा बाकी विशेष काही नाही.

त्याला हृदयाचा कॅन्सर झाला. होय, हृदयाचाही होतो. १९९१ मध्ये ऑपरेशन झालं, केमोने केस गेले, तरी विग घालून शेवटच्या व्हिडिओत ड्रमवर बसला. त्या गाण्याच्या रेकॉर्डवर ड्रम मात्र एरिक सिंगरचे, कारचा फक्त कोरसमधला आवाज. २०१४ साली किसला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा मूळचे चौघेच घेतले. कारचं नाव नाही.

बरं, तारखेचं म्हणाल तर १९४१ सालच्या याच दिवशी बीटल्सचा आधीचा ड्रमर पीट बेस्ट जन्मला, आपल्या मद्रासमध्ये! त्याच दिवशी तिकडे मेम्फिसला बास वाजवणारा डक डन. १९८५ साली याच तारखेला गायक बिग जो टर्नर गेला. दिनविशेष लिहायचा तर दिवसाचा लिहा ना, एकाच माणसाचा कशाला?

रिकामटेकडा
खुर्ची ओढून बसलोय. शेंगदाणे कुणी आणतंय का?

घाटमाथा
धागाकर्त्यांचा त्रागा समजला नाही. एका बाजूला 'बोहेमियन रॅप्सडी', लाइव्ह एड, चार सप्तकं हिंडणारा गळा. दुसऱ्या बाजूला तोंडाला रंग फासून रक्ताच्या गुळण्या टाकणाऱ्या कंपनीतला बदली कामगार. यात तुलना कसली? दिनविशेषात मोठी बातमीच येणार. आणि 'पाचगणीचा सुपुत्र' यात खोटं काय आहे? आठव्या वर्षापासून इथल्या सेंट पीटर्स शाळेत होता. फर्रुखचा फ्रेडी झाला तो तिथेच, पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथलाच. आम्हा वाई-पाचगणीकरांना एवढा एक अभिमान आहे, तोही तुम्हा पुणेकरांना खुपतो.

टॉमटॉम
मी पुणेकर नाही, कल्याणचा आहे. रक्ताच्या गुळण्या जीन सिमन्स टाकायचा, कार नव्हे. आणि बदली कामगार? मग पीट बेस्टच्या जागी आलेला रिंगो कोण होता?

एडिसनवाला
टॉमटॉमला +१०००. किसला सर्कस म्हणणाऱ्यांनी कधी ड्रमच्या मागे बसून बघावं. मी माटुंग्याला कॉलेजात असताना आमच्या बँडचा ड्रमर होतो. होतो म्हणजे गॅदरिंगच्या आधी मला काढलं, कारण व्होकलिस्टच्या मामेभावाकडे स्वतःचा ड्रमसेट होता. फोटोत मी कडेला, बातमीत नावच नाही. आता पंचवीस वर्षं जर्सीत आहे, अजून त्या व्होकलिस्टच्या फेसबुक पोस्टला लाइक करत नाही. ड्रमरला कुणी विचारत नाही हे जगाचं सत्य आहे. पीट बेस्टला १९६२ च्या ऑगस्टमध्ये काढलं, ऑक्टोबरमध्ये 'लव्ह मी डू' आलं. जॉन-पॉल समोर आलेसुद्धा नाहीत, मॅनेजर एपस्टाइनकडून निरोप दिला.

बेसूर
काका, तुमचं दुःख कळलं, पण ते कारचं नाही, तुमचं आहे.

दादरचा बावा
घाटमाथा, जरा हळू. पाचगणीत शिकला म्हणून सुपुत्र कसा? जन्म झांझिबारचा, १९४६. आईवडील बोमी आणि जेर बलसारा, मुळं गुजरातेत. १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाल्यावर कुटुंब इंग्लंडला पळालं, फेल्थमला. बँड लंडनला जमला. दर वर्षी हेच होतं. कोणी 'मराठी मातीतला' म्हणतं, कोणी 'पहिला भारतीय रॉकस्टार'. पारशी हा शब्द लिहायला मात्र बोटं दुखतात. त्याच्या अंत्यविधीला प्रार्थना पारशी धर्मगुरूंनी म्हटल्या होत्या. हे त्या फॉरवर्डमध्ये का नाही?

घाटमाथा
पारशी म्हणजे आपलेच की! आणि बावाजी, जन्म कुठे याला अर्थ नसतो, माणूस घडतो कुठे ते बघा. आमच्या आजोबांचं पाचगणीच्या बाजारात शिंप्याचं दुकान होतं. शाळांचे कोट तिथेच शिवले जायचे. फ्रेडीचाही शिवला असणार.

बेसूर
असणार!

टॉमटॉम
असणार!! लंडनच्या संग्रहालयाला कळवा, फ्रेडीच्या पिवळ्या जाकिटाशेजारी कोट टांगतील.

घाटमाथा
आजोबांची टिंगल करायचं काम नाही. तुमच्या त्या कारचं माप घेतलेला शिंपी तरी माहीत आहे का? ज्याला आख्खं जग ओळखतं त्याचा अभिमान नाही बाळगायचा, आणि ज्याला त्याच्या बँडच्या पंख्यांशिवाय कुणी ओळखत नाही त्याच्यासाठी धागे काढायचे. हा निव्वळ 'मला वेगळं काही माहीत आहे' असा रोग आहे.

टिपरू
अवांतर : फ्रेडीवर लताबाईंचा प्रभाव होता असं वाचलंय. हे खरं असेल तर विषयच संपला.

दादरचा बावा
ते वाक्य सगळीकडे फिरतंय. फ्रेडीने स्वतः घेतलेली नावं हेंड्रिक्स, लायझा मिनेली, अरीथा फ्रँकलिन अशी आहेत. त्याच्या तोंडचं लताबाईंचं वाक्य असेल तर इथे चिकटवा, मी स्वतः पेढे वाटीन. आणि हेक्टिक्सचं पण ऐकून घ्या. तिथे तो गायक नव्हता, पियानोवर होता. पुढे उभा राहून गायचा तो दुसराच मुलगा.

एडिसनवाला
म्हणजे तिथेही मागे बसलेल्याला कुणी विचारलं नाही. माझा मुद्दा सिद्ध.

बेसूर
तुमचा मुद्दा कशानेही सिद्ध होतो, काका.

घाटमाथा
पियानोवर होता, ठीक आहे. पण बोटं तिथेच तयार झाली ना? 'रॅप्सडी'च्या सुरुवातीचा पियानो कुठून आला? फेल्थमच्या विमानतळावरून? आणि तो बाहेर पाचगणीचं नाव घेत नव्हता म्हणून मी पण घेऊ नको? सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये 'पाकी' म्हणून मारहाण व्हायची. तिथे नाव बदलून, मिशी ठेवून जगणाऱ्या माणसाला 'मुळं का लपवलीस' असं विचारणारे तुम्ही कोण?

दादरचा बावा
मी ते विचारलंच नाही. तो लपवत होता असं मी कुठे म्हटलं? मी म्हणतोय की त्याने न केलेला दावा तुम्ही त्याच्या वतीने करू नका. हे दोन वेगळे मुद्दे आहेत, पण तुम्हाला भांडायचंच असेल तर चालू द्या.

रिकामटेकडा
मिशी इंग्रज बनायला ठेवली होती हे नवीनच कळलं.

सांगलीची
इतका वेळ फक्त वाचत होते. कोट झाला, पियानो झाला, मिशी झाली. तो कशाने गेला हे एकानेही लिहिलं नाही. फॉरवर्डमध्येही 'काळाच्या पडद्याआड'. एड्सने गेला. २३ नोव्हेंबरला त्याचं निवेदन निघालं, २४ ला संध्याकाळी लंडनच्या घरी संपला. वय ४५. त्याआधी तिकडची वर्तमानपत्रं दाराशी कॅमेरे लावून बसली होती, माणूस किती वाळला ते छापायला.

माझा मामा १९९६ मध्ये गेला. ट्रकवर होता. कागदावर टीबी लिहिलं. एका दवाखान्याने खाट दिली नाही, दुसऱ्याने दिली ती व्हरांड्यात. तेराव्याला नातेवाईक आले आणि पाणी न पिता गेले. आईने आजवर घरात तो शब्द उच्चारलेला नाही. त्यामुळे दर नोव्हेंबरला त्याला 'आपल्या मातीतला' म्हणताना लोक बघते तेव्हा एवढंच विचारावंसं वाटतं की आपल्या मातीत असता तर खाट कुठे दिली असती?

बेसूर
ताई, यावर काय बोलणार. पण तो एक दिवस आधी बोलला, तोवर गप्प राहिला याबद्दल तेव्हाही टीका झाली होती ना? आधी बोलला असता तर कितीतरी लोकांना बळ मिळालं असतं.

सांगलीची
माझ्या मामानेही आधी बोलायला हवं होतं का? कुणाला? तुम्ही ऐकायला होतात?
आणि तो गेल्यावर डिसेंबरात 'रॅप्सडी' पुन्हा निघालं, ख्रिसमसला पुन्हा पहिल्या नंबरवर गेलं, त्याचे पैसे टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला म्हणजे एड्सच्याच कामाला गेले. १९९२ च्या एप्रिलमध्ये वेम्बलीला ७२ हजार माणसं जमली तीही त्याच कामासाठी. दिनविशेषात हे लिहा. कोट कुणी शिवला ते नंतर बघू.

घाटमाथा
ताई, तुमच्याशी वाद नाही. पण कोटावर सगळे एवढे का घसरताय?

एडिसनवाला
सांगलीच्या ताईंना नमस्कार. मात्र मूळ विषय कारचा होता याची आठवण करून देतो. त्याच महिन्यात, त्याच दिवशी, तोही आजाराशी झुंजून गेला, आणि दुसऱ्या दिवशी छापायला जागा उरली नव्हती. पुढच्या वर्षी किसचा 'रिव्हेंज' अल्बम आला, त्यात त्याचं जुनं १९८१ चं ड्रम सोलो टाकलं. बँडने आठवण ठेवली ती एवढीच.

टॉमटॉम
सांगलीच्या ताईंचं म्हणणं मान्य, माझ्या धाग्यातही तो शब्द आला नव्हता. घाटमाथा यांचं अजिबात मान्य नाही. फ्रेडी मोठा होता यावर माझा वाद कधीच नव्हता, क्वीनच्या सगळ्या कॅसेट माझ्याकडे आहेत, अजून वाजतात. वाद 'बाकी विशेष काही नाही'शी होता.

घाटमाथा
चला, फ्रेडी मोठा होता एवढं तरी कबूल केलंत, उपकार झाले. माझ्याकडूनही घ्या : आत्ताच 'क्रीचर्स' ऐकला. ड्रम बरे आहेत. गाणी टुकार आहेत. पीट बेस्ट मद्रासचा हे मात्र खरंच माहीत नव्हतं, ते आमच्या ग्रुपवर टाकलंय.

दादरचा बावा
'दक्षिणेच्या मातीतला' असं लिहून टाकलंत ना?

घाटमाथा
'भारतमातेचा सुपुत्र' असं लिहिलंय. दोनशे लाइक आलेत. जळा.

टॉमटॉम
संपादकांना विनंती, पाचगणीवाले प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवा.

रिकामटेकडा
हलवले तर इथे एडिसनवाले काकाच उरतील. उद्या २५ तारीख. १९७६ साली याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत 'द बँड' नावाच्या ग्रुपचा 'लास्ट वॉल्ट्झ' हा निरोपाचा कार्यक्रम झाला होता. लेव्हॉन हेल्म ड्रमवर बसून गात होता, तेव्हा काकांनी धागा काढायला हरकत नाही. निक ड्रेकही २५ लाच गेला, पण तो गिटारवाला, त्याच्यासाठी रडायला इथे बरेच जण आहेत.

एडिसनवाला
काढतोच.