रात्री टक्क जागे राहणाऱ्यांनो, तुमचा दिवस कसा जातो?

पाठ टेकताच मला झोप लागते, पण तीनच्या सुमारास डोळे उघडतात आणि मग उजाडेपर्यंत नुसतं या कुशीवरून त्या कुशीवर. आठवड्यातून 3 किंवा जास्त रात्री, 3 महिने किंवा त्याहून अधिक काळ असं चाललं तर तो जुनाट निद्रानाश, असं डॉक्टरांनी सांगितलं. रात्रीबद्दल सगळेच विचारतात. दिवसाबद्दल कुणी विचारत नाही. माझी डावी पापणी फडफडत राहते, उजेड टोचतो, रोजच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. कुणी साधं काही बोललं तरी डोळे भरून येतात. तुमच्या शरीराचं काय होतं? सविस्तर लिहा, आणि कशाचा उपयोग झाला तेही.

*

मी परिचारिका, रात्रपाळी ठरलेली. पहाटे चारच्या सुमारास अंगात हुडहुडी भरते. शरीराचं तापमान तेव्हा सगळ्यात खाली असतं. त्याच वेळी गोड खायची वखवख सुटते. झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, हे शिकले होते, पण रिकामा डबा हातात घेऊन उभी राहिल्यावर खरं कळलं. घरी आल्यावर पडदे ओढूनही झोप तुटकच, कारण आतलं घड्याळ उजेडावर चालतं. ते पेशींमध्ये कसं चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. रात्रपाळी संपल्यावर मी स्वतः गाडी चालवत नाही. सलग 17 तास जागं राहिलं की हात-डोळे जवळपास रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात. कृपया तुम्हीही चालवू नका.

*

पाळी जायच्या वयात माझी झोप गेली. मानेपासून गरम वाफ चढते, घामानं उशी भिजते, मग थंडी वाजते. घरच्यांना वाटतं काळजीमुळे होतंय. ताई, काळजी नाही, शरीर आहे हे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, यावर उपचार आहेत.

*

मी 9 तास बिछान्यात असायचो आणि झोप जेमतेम 5 तास. समुपदेशकांनी आधी झोपेची रोजनिशी लिहायला लावली आणि मग बिछान्यातला वेळच साडेपाच तासांवर आणला. रात्री दीडच्या आत पाठ टेकायची नाही, सकाळी सातला उठायचंच, सुट्टी असो वा नसो. झोप येत नाही असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सुरुवातीचे आठवडे फार वाईट गेले: डोकं जड, तोंडाला चव नाही, जिन्यावर पाय लटपटत. पण बिछान्याची धास्ती हळूहळू गेली, आणि झोप सलग लागू लागल्यावर वेळ पाव पाव तासानं वाढवत नेला. ही पद्धत निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तन उपचाराचा भाग आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2016 मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला. फिट येणाऱ्यांनी किंवा बायपोलर (मनाचे टोकाचे चढउतार होणारा आजार) असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, आणि चालू असलेली झोपेची गोळी कुणीच मनानं एकदम बंद करू नये.

*

दुपारची कॉफी सोडली. तिच्यातलं निम्मं कॅफिन 5-6 तासांनीही रक्तात असतं. फरक पडला, थोडा.

*

सकाळी उठताना घसा कोरडा, कपाळ ठणकणारं, दुपारी बैठकीत बसल्या बसल्या डुलक्या. मीही निद्रानाशच समजत होते. मी घोरते आणि मधेच श्वास थांबतो, हे नवऱ्यानं सांगितलं म्हणून झोपेची तपासणी केली. स्लीप ॲप्निया निघाला. आता सीपॅपचा, म्हणजे झोपेत हवेच्या दाबानं श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क लावते. डोकेदुखी आणि डुलक्या गेल्या. तीनला येणारी जाग मात्र अजून आहे. वरच्या दादांनी लिहिलेल्या उपचारासाठी पुढच्या आठवड्यात समुपदेशकांची वेळ घेतली आहे. मास्क लावून हे कुणी केलं असेल तर रात्री उठून बसताना तो काढता की तसाच ठेवता, ते सांगा.