गल्ली समिती : रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये

बी-४०१ (सचिव): नमस्कार मंडळी. रविवारच्या बैठकीचा विषय एकच. आपली सोसायटी, समोरची सोसायटी आणि मागची बैठी घरं मिळून गल्ली समिती करायची का?

ए-१०३: काका, समितीला अधिकार काय? एका प्रभागात चार-चार नगरसेवक असताना आपलं कोण ऐकणार?

बी-४०१: अधिकार काहीच नाही, आधीच सांगतो. पण आपल्या सांगली महापालिकेत २०१८ ला निवडून आलेल्यांची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि प्रशासक आले, तेव्हा साधं गटार तुंबलं तरी कुणाला सांगायचं कळत नव्हतं. आठवतंय ना?

ए-३०२: जरा मोठं लिहितेय, पण वाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. बोट आली तेव्हा बोटीतल्या पोरांनी पहिल्यांदा विचारलं, "आत कोण राहिलंय?" आणि आपल्याला सांगता येईना. मागच्या बैठ्या घरातल्या आजी माळ्यावर बसून होत्या. दूध घालणाऱ्या मुलाला माहीत होतं, आपल्याला नाही. त्यानंतर आपण वही केली. घरात माणसं किती, अंथरुणाला कोण खिळलंय, औषधं कुठली, किल्ली कुणाकडे. २०२१ च्या जुलैत पाणी परत चढलं तेव्हा त्याच वहीवरून म्हातारी माणसं आधी हलवली. माझ्या लेखी समिती म्हणजे ती वही.

सी-२०१: वही आहे कुठं आता?

ए-३०२: माझ्या कपाटात. तीन वर्षांत कुणी हात लावला नाही.

बी-१०४: कायद्यात थोडी जागा आहे. शहरांच्या कारभाराबद्दलची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. ३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या हव्यात. महापालिका कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे त्यात सामाजिक संस्थांची जास्तीत जास्त ३ माणसं घेता येतात, पण ती नेमायची नगरसेवकांनीच. माझं गाव तासगाव तालुक्यात. तिथं ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला हिशोब विचारता येतो. इथं राहायला आलो आणि विचारायची जागाच गेली, हे मला फार लागतं.

ए-१०३: माझी बहीण स्कॉटलंडला असते. तिथं १९७३ च्या कायद्यानं कम्युनिटी कौन्सिलं, म्हणजे वस्तीच्या समित्या, झाली. सगळे बिनपगारी. सत्ता नाही, पण भागात बांधकामाचा अर्ज आला की ते आपलं म्हणणं मांडू शकतात आणि ते विचारात घ्यावं लागतं. एवढं जरी इथं मिळालं तरी पुष्कळ आहे.

सी-२०१: मला भीती वेगळीच. दोन वर्षांत समिती कुणाच्या तरी बॅनरवर दिसायला लागते.

ए-३०२: मग अट घालू. निवडणुकीला उभं राहायचंय त्यानं आधी समिती सोडायची. आणि निम्मी माणसं बैठ्या घरांतली, भाडेकरूही धरून. नुसत्या फ्लॅटवाल्यांची समिती होणार असेल तर मी येणार नाही.

बी-४०१: दोन्ही अटी रविवारी सगळ्यांपुढं ठेवतो.

सी-२०१: ताई, वही द्या. शनिवारी संध्याकाळी मी आणि लेक बैठ्या घरांपासून सुरुवात करतो.

ए-३०२: या घरी, चहा करते. आणि पेन्सिलनं भरा, भाडेकरू बदलत राहतात.