मदत हवी आहे : पेनड्राइव्हवरच्या उबुंटूत एनव्हिडियाचा ड्रायव्हर टिकत नाही

प्रश्न
लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. इंटेल प्रोसेसर, जीटीएक्स १६५० (एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड), रॅम ८ जीबी. उबुंटू २४.०४ (लिनक्स) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, त्याने रीस्टार्ट मागितला. केला, तर पुन्हा नूव्होच (लिनक्समध्ये आधीपासून असलेला मुक्त ड्रायव्हर)! आतल्या डिस्कला हात न लावता ड्रायव्हर कसा तपासायचा?

उत्तर १
लाइव्हमध्ये टाकलेलं सगळं रॅममध्ये राहतं, रीस्टार्ट झाला की साफ. पर्सिस्टन्सचं (बदल टिकवून ठेवणारं) पार्टिशन केलंत तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्सचा गठ्ठा) मूळ प्रतिमेतूनच (आयएसओ) उचलले जातात, त्यामुळे तुम्ही नूव्होला घातलेली बंदी उशिरा लागू होते. ती ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर), कर्नलच्या ओळीतच द्यावी लागते. एवढा खटाटोप कशाला?

नुसतं 'चालतं का' बघायचं असेल तर पॉप ओएसची (उबुंटूवर बेतलेलं लिनक्स) एनव्हिडियावाली प्रतिमा घ्या. ड्रायव्हर तिच्यात आधीच असतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) मात्र बंद करावं लागेल आणि त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की लिहून ठेवा. नंतर विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा अडकला.

उत्तर २
+१. रोज वापरून बघायचं असेल तर दुसऱ्या यूएसबीवर पूर्ण इन्स्टॉल करा. किमान ३२ जीबी, यूएसबी ३. जमल्यास पेनड्राइव्हऐवजी बाहेरचा एसएसडी. स्वस्त पेनड्राइव्हवर अपडेट चालू झालं की सगळं गोठल्यासारखं वाटतं आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात.

खरी मेख बूटलोडरची आहे. यूएसबी निवडूनही उबुंटूचा इन्स्टॉलर तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर (बूटलोडर ठेवायची जागा) टाकू शकतो. इन्स्टॉल करण्यापूर्वी आतली डिस्क बायोसमधून बंद करा. तशी सोय नसेल तर झाकण उघडून काढून ठेवा.

प्रश्नकर्ता
आधी पॉप ओएस बघतो. पण एनव्हिडियाच चालतंय हे ओळखायचं कसं? डेस्कटॉप तर नूव्होवरही दिसत होता.

उत्तर १
डेस्कटॉप दिसतो यावर विसंबू नका, तुमच्याकडे पडदा बहुधा इंटेलचं अंगभूत ग्राफिक्सच सांभाळतंय. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' द्या. एनव्हिडियाच्या नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत एनव्हिडिया हवं. खालच्या 'कर्नल मॉड्यूल्स' ओळीत नूव्होचंही नाव असेल, ते फक्त उपलब्ध मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा), वापरात असेलच असं नाही, घाबरू नका. मग 'एनव्हिडिया-एसएमआय'. त्यात कार्डाचं नाव आणि तापमान दिसलं तर ड्रायव्हर कार्डाशी बोलतोय.

उत्तर २
पुढे 'जीएलएक्सइन्फो -बी' (बी कॅपिटल) बघा (मेसा-युटिल्स पॅकेजात मिळतं). रेंडररपुढे (चित्र कोण काढतंय ती ओळ) एलएलव्हीएमपाइप आलं तर काम प्रोसेसरवर चाललंय, कार्ड नुसतं बसून आहे. इंटेल आलं तर तो दोष नाही. हायब्रिड (इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही ग्राफिक्स असलेल्या) लॅपटॉपमध्ये प्रोग्रॅम एनव्हिडियाकडे मुद्दाम वळवावा लागतो.

लॅपटॉप झोपवून (स्लीप) उठवायची चाचणीही घ्या, पण यूएसबीवरून चालवताना उठल्यावर अडकलं तर लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नका. कधीकधी जागं झाल्यावर यूएसबीच तुटलेली असते.